बंद यंत्राची पूजा

सेतुमाधव राव बोलायला लागले की ग्राइंडरनं लाजावं, असं त्यांची बायको भवानी म्हणायची. अडतीस वर्षं ऐकून घेतलेल्या बाईला तेवढं म्हणायचा हक्क होताच. राव चेन्नईजवळ आवडी नावाच्या गावातल्या एका सरकारी कारखान्यात टूलरूमच्या खिडकीवर बसायचे. कामगारानं आपला पितळी बिल्ला द्यायचा आणि हत्यार न्यायचं. हत्यार परत आलं की बिल्ला परत. बिल्ला नसेल तर ब्रह्मदेवाला पाना मिळायचा नाही, उलट दहा मिनिटांचं व्याख्यान मिळायचं. रावांची मूळची मराठी तंजावरची, व्याख्यान तमिळमधून आणि शेवटची शिवी इंग्रजीत. तीन भाषांत भांडणारा माणूस म्हणून कारखान्यात त्यांचा दरारा होता.

निवृत्तीनंतर चेन्नईत अण्णा नगरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तीन वर्षं बरी गेली. मग एक दिवस भाजीवाल्याशी घासाघीस करताना जीभ जड झाली. आधी शब्द घसरायला लागले, मग हातातून ताट, मग पाय. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून संपावर जातात असा हा आजार. पगारवाढ दिली तरी परत कामावर येत नाहीत. दोन वर्षांत रावांचं सगळं गेलं. उरले कान, डोळे आणि उजव्या हाताची तर्जनी. डोकं मात्र लख्ख शाबूत. हीच त्या आजाराची खरी खोड.

डोळ्यांची एक रीत घरात ठरली होती. डोळे मिटले की हो, वर पाहिलं की नाही. पाणी हवं का, कूस बदलू का, असं विचारलं की भागायचं. पण एक गोष्ट बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. डोळे उत्तर देतात, विषय काढत नाहीत. समोरच्यानं नेमका प्रश्न विचारला तर माणूस बोलका, नाही विचारला तर ओंडका.

रावांची एकुलती मुलगी विद्यालक्ष्मी, घरात विद्या. ती सिरुसेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत. रोज जाऊन-येऊन चार तास कंपनीच्या बसमध्ये काढायची. तिनं बापासाठी जुना लॅपटॉप आणला, तर्जनीखाली बसेल असं एक बटण जोडलं. पडद्यावर अक्षरं एकेक करून उजळत जायची. हवं ते अक्षर उजळलं की बटण दाबायचं. ते अक्षर वर एडिटरमध्ये उमटायचं. एका अक्षराला अर्धा मिनिट.

"अप्पा, हा एडिटर साधा नाही," ती म्हणाली. "याला जे शिकवाल ते शिकतो."

आणि तिनं त्याला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली म्हणजे पक्की वाक्यं. प्रत्येक वाक्याला एक शब्द नेमलेला. 'पाणी' लिहून मोकळी जागा दाबली की शब्द जाऊन त्या जागी 'मला प्यायला पाणी द्या, कोमट' असं अख्खं वाक्य यायचं. 'कूस' लिहिलं की 'डाव्या कुशीवर वळवा, पाठीला उशी लावा'. ही वाक्यं डिस्कवर फाइलीत राहायची, लॅपटॉप शंभर वेळा बंद केला तरी तिथेच. दुसरी गोष्ट म्हणजे खण. लिहिलेला मजकूर कापायचा आणि एका अक्षराच्या नावानं खणात टाकायचा. तेच अक्षर पुन्हा सांगितलं की मजकूर जसाच्या तसा पडद्यावर परत. रावांना हे एका दमात कळलं. बिल्ला द्या, हत्यार घ्या. चाळीस वर्षं दुसरं काय केलं होतं?

"फक्त एक आहे, अप्पा. खण एडिटर चालू असेपर्यंतच. बंद केला की सगळे खण रिकामे. तेही टिकावेत म्हणून दोन ओळी लिहायच्या आहेत. येत्या रविवारी लिहिते."

पक्की वाक्यं जूनमध्येच झाली होती, खणांचं हे जुलैत. त्यानंतर किती रविवार गेले ते मोजायला नको. पोर वाईट नव्हती हो. रविवारी ती बापाला अंघोळ घालायची, श्वासाच्या मास्कच्या नळ्या धुवायची, आठवड्याची औषधं डब्यांत भरायची आणि दुपारी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. शिवाय अप्पा खण वापरतात हे तिला ठाऊकच नव्हतं. लॅपटॉप रात्रंदिवस चालूच असायचा, म्हणून काही बिघडतही नव्हतं.

आता जूनमधली एक गोष्ट सांगायला हवी. सगळं रामायण तिथून सुरू होतं.

जूनमध्ये बटण नवं होतं, बोटात जोर होता आणि रावांच्या डोक्यात आग होती. डॉक्टर नंदिता त्यांना बघायला यायची. तरुण, सरळ बोलणारी तमिळ बाई. तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं की वर्षाच्या आत मास्क पुरणार नाही. मग गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागेल आणि श्वास यंत्र घेईल. तसं माणूस बरीच वर्षं राहू शकतो. नको असेल तर तेही सांगा, त्रास होणार नाही हे आम्ही बघू. तुमचा निर्णय, तुमच्या शब्दांत.

रावांनी चार दिवस घेतले आणि लिहिलं:

'नळी घालू नका. पूर्ण शुद्धीत सांगतो आहे. दुसऱ्याच्या यंत्रावर जगणारा माणूस मी नव्हे. मला सुखानं जाऊ द्या. वेळ आल्यावर मी घाबरून काही वेगळं म्हणालो तर ती भीती बोलते आहे असं समजा. तिचं ऐकू नका. सेतुमाधव.'

उचललं बोट आणि लावलं बटणाला. जीभ गेली तरी जिभेचा माज बोटात उतरला होता. विद्यानं ते वाचलं, न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली आणि बाहेर येऊन ते वाक्य पक्क्या वाक्यांत घातलं. बाप दवाखान्यात असला आणि कुणी विचारलं, तर त्याला एका शब्दात सांगता यावं म्हणून. शब्द नेमला 'नळी'. रावांनी तो पुन्हा कधी लिहिला नाही. मनातसुद्धा ते त्याला गळ्याचं भोक म्हणायचे.

मग घरात एक नवल झालं. भवानी बोलायला लागली.

अडतीस वर्षं ती 'होय' आणि 'बरें' एवढ्यावर जगली होती, कारण मध्ये बोट शिरकवायला फटच नव्हती. आता घरात शांतता झाली आणि तिच्या आतलं सगळं बाहेर यायला लागलं. रोज सकाळी ती रावांच्या तळपायांना तेल लावायला बसायची आणि तंजावरच्या आपल्या बालपणाचं सांगायची. तिच्या आत्याचं, राजसबाईचं प्रकरण तर दोन महिने चाललं होतं. ही राजसबाई एकोणिसाव्या वर्षी नवऱ्याचं घर सोडून एक ट्रंक घेऊन कुंभकोणम स्टेशनच्या फलाटावर जाऊन बसली होती. सासरचे न्यायला आले, माहेरचे आले, ही उठेना. पण भवानीची सांगायची तऱ्हा अशी की ऐन रंगात कुकरची शिट्टी व्हायची आणि ही उठून जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागून सुरुवात.

"मग ती काय म्हणाली ठाऊक आहे का तुमास," असं म्हणून ती तेलाची वाटी बाजूला ठेवायची, आणि रावांना खरोखर ठाऊक नसायचं. या बाईला एवढं बोलता येतं, एवढं हसवता येतं, हे त्यांना या वयात कळत होतं. लाज वाटायची. आणि ऑगस्टमधल्या एका सकाळी त्यांच्या लक्षात आलं की आपण जागे झाल्यापासून तेलाच्या वाटीची वाट बघतो आहोत. उद्याचीही बघणार आहोत. जगायचं आहे आपल्याला. भोक पाडून, यंत्र लावून, कसंही. त्यांना धक्काच बसला.

आता हे सांगायचं कसं? नुसते डोळे वर करून भागणार नव्हतं. ती वाट त्यांनी स्वतःच बुजवून ठेवली होती. वेगळं म्हणालो तर भीती समजा, असं लिहून दिलेलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. जूनचं वाक्य मोडायला त्याच्याहून भक्कम मजकूर हवा होता. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की हा घाबरलेला माणूस नाही, शहाणा झालेला माणूस आहे. शिवाय या विषयावर कुणी प्रश्नच विचारत नव्हतं. विद्याला तेच उत्तर पुन्हा ऐकायचं नव्हतं, आणि भवानी त्या विषयाच्या आसपासही फिरकायची नाही.

म्हणून गोकुळाष्टमीपासून राव चोरून लिहायला लागले. भवानी दुपारी आडवी झाली की लिहायचं. ती उठायच्या आत मजकूर कापून 'भ'च्या खणात टाकायचा, कारण तिला पडद्यावरचं वाचायची सवय होती आणि पत्र अर्धवट वाचलेलं रावांना चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी खण उघडायचा, पुढे लिहायचं, पुन्हा आत. बोट दर आठवड्याला कमी होत चाललं होतं. सुरुवातीला दिवसाला वीस अक्षरं व्हायची, मग बारा, नवरात्र बसलं तेव्हा सहा-सात. नवमीच्या पूजेच्या आदल्या दुपारी पत्र पुरं झालं.

'जूनचं वाक्य मोडीत काढा. ते गर्वानं लिहिलं होतं, हे विचार करून लिहितो आहे. सात आठवडे लागले. भीतीला सात आठवडे दम नसतो. मला जगायचं आहे. गळ्याला भोक पाडा, यंत्र लावा. भवानी रोज बोलते ते मला ऐकायचं आहे. अजून पुष्कळ ऐकायचं राहिलं आहे. सेतुमाधव.'

राव त्या पत्रावर बेहद्द खूश होते. सात आठवड्यांच्या ओळीवर तर फारच.

डॉक्टर नंदिता विजयादशमीला सकाळी येणार होती. मास्क आता पुरत नव्हता. गेल्या पंधरवड्यात दोनदा राव निळे पडले होते. पुढच्या खेपेला दवाखान्यात धावपळीत विचारायला वेळ मिळायचा नाही, म्हणून निर्णय एकदाचा कागदावर घ्यायचा होता. ती विद्याला फोनवर म्हणाली होती, "मला त्यांचे डोळे नकोत. डोळ्यांत घरचे आपल्याला हवं ते वाचतात. त्यांनी माझ्यासमोर लिहावं. एक छोटं वाक्य का असेना."

राव म्हणाले, मनात, ये तू. तुला वाक्य देतो. तिच्यासमोर 'भ' दाबायचा की पाणउतारा जूनच्या सेतुमाधवाचा. विजयादशमीला नव्या गोष्टीची सुरुवात, मुहूर्तही चांगला.

आणि मध्ये आली आयुधपूजा, म्हणजे खंडेनवमी.

चेन्नईत त्या दिवशी रिक्षापासून लिफ्टपर्यंत सगळ्यांना गंध लागतं. आवडीच्या कारखान्यात तर तो वर्षाचा सण. लेथ पुसायचे, केळीचे खांब बांधायचे, दारात कोहळा फोडायचा, चुरमुरे आणि डाळं वाटायचं. रावांचा एक नियम होता आणि तो पुढे सगळ्या कारखान्यानं उचलला. चालत्या यंत्राची पूजा करायची नाही. यंत्र बंद, वीज काढलेली, मग गंध. आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. वर्षभर राबतं ते, एक दिवस निजू द्या, असं राव म्हणायचे. घरातही तोच कायदा. मिक्सर, शिवणयंत्र, कात्री, सगळ्यांना सुट्टी. फ्रिज फक्त वादावादी करून सुटायचा.

या वर्षी सकाळी विद्या घरात नव्हती. सुट्टी असूनही कंपनीच्या सर्व्हरवर काहीतरी चढवायचं होतं, ती पहाटेच सिरुसेरीला गेली. भवानीनं चौरंग मांडला. कात्री, विळी, सुंडलाची, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीची वाटी, विद्याच्या शाळेतली जुनी पुस्तकं. मग ती पलंगाशी आली आणि लॅपटॉपकडे पाहून उभी राहिली.

"यासही गंध लावायला पाहिजे," ती म्हणाली. "या घरांत सगळ्यांत जास्त राबतें ते हेंच."

लाव की, राव मनात म्हणाले. कोपऱ्यात लाव. चालू राहू दे.

"पण चालू कसें ठेवायचें?"

ती विचारात पडली, आणि तिथेच थांबलीही असती. सोडून दिलं असतं कदाचित. पण दारावरची घंटा वाजली आणि राममूर्ती आला. हा रावांच्या कारखान्यातला जुना फोरमन. दर पूजेला आवडीहून लोकलनं चुरमुऱ्याची पिशवी घेऊन यायचा, आता गेली दोन वर्षं रावांसाठी नुसती दाखवायला. सज्जन माणूस, फक्त आठवणी फार. भवानीनं त्याला अडचण सांगितली, आणि त्याला तेवढंच हवं होतं.

"राव असताना यात प्रश्न कसला," तो म्हणाला. "एकदा मोठे साहेब आले होते. तिकडे ग्राइंडर फिरतंय आणि साहेब हार घालायला निघाले. हा माणूस मध्ये उभा राहिला. म्हणाला, आधी बंद, मग हार. साहेबांनी बंद करवलं. सगळा शॉप बघत होता. काय राव, खरं ना?"

प्रश्न आला तोही हा. खोटं कसं सांगणार? आणि वर पाहिलं असतं तरी त्याचा अर्थ साहेबांची गोष्ट खोटी एवढाच झाला असता. रावांनी डोळे मिटलेच नाहीत, वरही केले नाहीत. ते लॅपटॉपकडे बघत राहिले. जेवढं बघता येतं तेवढं.

"बघा, कसे टक लावून बघतात," राममूर्ती म्हणाला. "सांगतायत, बंद कर म्हणून."

बटण तर्जनीखाली होतं. रावांनी दाबलं. अक्षरं उजळायला लागली. 'नको' लिहायचं होतं. न, मग क, मग काना आणि मात्रा. 'न' लांब होता, खालच्या ओळीत. उजेड सरकत होता आणि सेतुमाधव राव, तीन भाषांत भांडणारा माणूस, एका अक्षराची वाट बघत होते.

"अहो, आज नाही," असं म्हणून भवानीनं मऊ हातानं त्यांचं बोट बटणावरून उचललं आणि चादरीवर ठेवलं. "आज यंत्रासही विश्रांती, बोटासही. तुमचाच नियम ना?"

तिनं विद्याला फोन लावला. विद्या तिकडे कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होती. मध्येच म्हणाली, हो अम्मा, बंद कर, काही होत नाही, पण सरळ वायर ओढू नकोस, आधी मेनूतून बंद कर. भवानीनं चष्मा लावला आणि मेनूतून बंद केलं. पडदा काळा झाला. 'भ'च्या खणात काय होतं ते आता जगात एकाच ठिकाणी उरलं, आणि त्या ठिकाणाला तोंड नव्हतं.

तिनं लॅपटॉप ओल्या फडक्यानं पुसला, झाकणावर चंदनाची तीन बोटं ओढली, मध्ये कुंकू लावलं, शेवंतीचं फूल ठेवलं. हात जोडून म्हणाली, आमच्या यांस बोलतें ठेव. रावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते पदरानं टिपलं.

"कोठें दुखतें का?"

रावांनी वर पाहिलं. नाही.

"पाणी पाहिजे? पंखा वाढवूं? मास्क लावूं?"

नाही. नाही. नाही.

"राममूर्ती आला म्हणून जुनें आठवलें काय?"

नाही, असं म्हणता म्हणता राव थकले. जगातले सगळे प्रश्न तिनं विचारले असते, तर एक ना एक दिवस बरोबर प्रश्नावर आली असती. तोवर कोण जगतं? रागही आला त्यांना, आणि राग कोणावर काढायचा तेच कळेना. नियम त्यांचा. गोष्ट त्यांची. ती गोष्ट चाळीस वेळा सांगून राममूर्तीला पाठ करून दिली तीही त्यांनीच.

दिवसभर ते पत्र मनात म्हणत राहिले, अक्षर विसरू नये म्हणून. विसरायची भीती नव्हतीच. लिहायचं बोट नव्हतं.

विजयादशमीला सकाळी विद्यानं चौरंगावरून लॅपटॉप उचलला, कुंकू न पुसता उघडला, एडिटर चालू केला, बटण जोडलं. पांढरा पडदा. राव पहिल्या संधीला 'भ'च्या खणाकडे गेले. ठाऊक असूनही गेले. मेलेल्याच्या नाकाशीही माणूस सूत धरतोच की. खण रिकामा होता, तसं एडिटरनं खाली एका ओळीत सांगितलंही. विद्या तेव्हा डॉक्टरसाठी खुर्ची आणायला गेली होती.

तर मग आता मोजायचं. राव टूलरूमचे माणूस, उरलं किती आणि लागतं किती हे त्यांना कळायचं. कालच्या दिवसभराच्या घालमेलीनं बोट आणखी ढिलं झालं होतं. आज आठ अक्षरं निघाली तर नशीब. कारणं द्यायला, जूनचा माज मोडायला, सात आठवडे सांगायला जागा नाही. पण डॉक्टरनं छोटं वाक्य मागितलं आहे. ते घेऊन ती पुढे विचारेल. तिनं एकदा नीट विचारलं की बाकीचं डोळ्यांनी सांगू. विसंगत दिसलं तर विचारणारच ती, हुशार आहे.

डॉक्टर नंदिता दहा वाजता आली. छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, बोटावरचं यंत्र बघितलं आणि पलंगाच्या कडेला बसली.

"राव सार," ती तमिळमध्ये म्हणाली, "जूनमध्ये तुम्ही लिहिलं होतं ते माझ्याकडे आहे. पण तेव्हाची गोष्ट वेगळी, आता दारात आलंय. गळ्यातल्या नळीचं काय करायचं ते मला आज, माझ्यासमोर लिहून द्या. सावकाश. मी कुठे जात नाही."

देवासारखी बाई. राव तिच्यावर निहायत खूश झाले. विद्या भिंतीला टेकून उभी होती, भवानी पायांशी. तिनं रावांच्या घोट्यावर हात ठेवला होता.

काय लिहायचं ते ठरलं होतं. दोन शब्द. नळी घाला. याहून छोटं आणि तरी निःसंदिग्ध असं वाक्य होत नव्हतं.

न. अर्धा मिनिट. बोट लागलं. ळ लांबचा, तो एकदा हुकला, दुसऱ्या फेरीत सापडला. मग दीर्घ ई. रावांच्या कपाळावर घाम आला, भवानीनं टिपला. आता मोकळी जागा, आणि मग घ.

त्यांनी मोकळी जागा दाबली.

शब्द गेला. त्याच्या जागी एका क्षणात पाच ओळी उभ्या राहिल्या. नळी घालू नका. पूर्ण शुद्धीत सांगतो आहे. वर्षानुवर्षं न हललेल्या हत्यारासारखं ते वाक्य फळीवरून थेट हातात आलं. बिल्ला त्यांनीच दिला होता.

रावांना आधी समजलंच नाही. मग जूनमध्ये नेमलेला शब्द आठवला, आणि आठवल्यावर त्यांच्या अंगात जे जे मेलेलं होतं ते सगळं एकदम ओरडलं, असं त्यांना वाटलं. बाहेर काही ऐकू गेलं नाही. बोट बटणाकडे गेलं. पुसायचं. घ लिहायचं. काहीही लिहायचं. पण विद्यानं डोळे पुसत लॅपटॉप उचलून डॉक्टरच्या मांडीवर ठेवला होता, आणि त्याच्याबरोबर बटणाची वायरही गेली होती.

"मराठीत आहे, मी सांगते," विद्या म्हणाली. तिनं ओळ ओळ वाचली आणि तमिळमध्ये सांगितली. शेवटची ओळ, भीतीचं ऐकू नका ही ओळ, तिनं दोनदा सांगितली.

"हे त्यांनी आत्ता लिहिलं?" डॉक्टरनं विचारलं. "एकदम आलं."

"त्यांचंच आहे. जूनमधलं. मी साठवून ठेवलं होतं, शब्द लिहिला की येतं. पण शब्द त्यांनीच लिहिला, तुमच्यासमोर. त्यांना बदलायचं असतं तर दुसरं काही लिहिलं असतं ना?"

डॉक्टरनं मान हलवली. राव वर बघत होते. इतकं वर की बुबुळं दुखायला लागली. नाही, नाही, नाही. पण प्रश्न विद्याला विचारला गेला होता आणि उत्तरही तिनंच दिलं होतं. तिघी पडद्याकडे बघत होत्या. प्रश्नच नसला तर वर बघणं म्हणजे छताकडे बघणं.

मग नंदिता त्यांच्याकडे वळली खरी. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती, त्या धारेत पापण्या आपोआप मिटत होत्या. पाणी डोळ्यांत गेलं की कुणाच्याही मिटतात. तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"कळलं, सार," ती म्हणाली. "तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारून छळणार नाही."

कागदावर विद्यानं सही केली. साक्षीदार म्हणून भवानीनं केली, मोठ्या गोल अक्षरांत, तंजावरच्या शाळेत शिकवलेली सही. डॉक्टर जाताना सुंडल खाऊन गेली.

दुपारी विद्या लॅपटॉप घेऊन बापाशेजारी बसली. बराच वेळ काहीतरी टाइप करत होती. मग पडदा त्यांच्याकडे फिरवला.

"अप्पा, त्या दोन ओळी लिहिल्या बघा. खण टिकायच्या. जुलैपासून राहिल्या होत्या, आज सणाचा दिवस म्हणून बसलेच. आता एडिटर बंद झाला, लॅपटॉप पडला, काहीही झालं तरी खणातलं जाणार नाही." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "तुमचं ते वाक्य मी पहिल्या खणात ठेवलंय. आणि दवाखान्यालाही पाठवलंय. कधीच पुसलं जाणार नाही. तुम्ही त्याची काळजी करू नका."

तिनं त्यांच्या कपाळाला ओठ टेकले. ती खरोखर निश्चिंत झाली होती, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. तिचा चेहरा बघून रावांना तिच्यावर रागावताही आलं नाही. बटण बोटाखाली परत आलं होतं. त्यांनी दाबायला पाहिलं. बोट हललं नाही.

संध्याकाळी उजेड असतानाच भवानी तेलाची वाटी घेऊन आली. सकाळच्या गडबडीत राहिलं होतं. ती पायांशी बसली, तेल कोमट आहे का ते मनगटावर बघितलं आणि डाव्या तळव्यापासून सुरुवात केली. राव तिच्या तोंडाकडे बघत होते. परवा तिच्या गोष्टीत राजसबाईला न्यायला तिसऱ्या दिवशी तिचा नवरा स्वतः आला होता, हातात तिची राहिलेली चप्पल घेऊन. गाडीही लागली होती. इतक्यात कुकर वाजला होता.

भवानीनं डावा पाय संपवला, उजवा घेतला. बोटांच्या बेचक्यांतून तेल जिरवलं. एकदा तिनं मान वर केली, ओठ हलले, आणि पुन्हा खाली बघितलं.

"तुमास या सगळ्याचा कंटाळा आला आहे, आणि मी उगीच रोज कानाशीं बडबडत बसतें," ती म्हणाली. "आजपासून नाही त्रास देत."

मग ती काहीच बोलली नाही. तेल संपेपर्यंत ती पाय चोळत राहिली, आणि राजसबाई ट्रंक घेऊन कुंभकोणमच्या फलाटावर बसून राहिली.